‘रद्द करा’ बटणास, मु. पो. सेटिंग्ज

रा. रा. ‘रद्द करा’ बटणसाहेब,
मु. पो. सेटिंग्ज, तालुका अकाउंट, जिल्हा इतर पर्याय
यांस सा. न. वि. वि.

पत्र जाहीरपणे लिहितोय, याचा राग मानू नये. खासगीत पाठवायचं तर पत्ता लागतो आणि आपला पत्ता ॲपच्या प्रत्येक नव्या अपडेटबरोबर बदलतो. मध्यंतरी आपण ‘माझं खातं’मध्ये उतरला होता असं ऐकलं. तिथे गेलो तर खोली रिकामी. हल्ली म्हणे ‘मदत हवी?’ या दारातून आत जाऊन, नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची रांग ओलांडली की अगदी तळाशी, फिकट राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात आपलं वास्तव्य असतं. प्रसिद्धीची इतकी नावड असलेला दुसरा कोणी या मनोरंजनाच्या धंद्यात माझ्या पाहण्यात नाही.

आपले थोरले बंधू ‘सबस्क्राइब करा’ यांचा स्वभाव मात्र अगदी उलट. ते पहिल्याच पडद्यावर, भरदार रंगात, बरोबर अंगठ्याखाली उभे. अंधारात, चष्म्याशिवाय, उजव्या हातात पोळीचा घास असताना नुसतं डाव्या हाताचं बोट टेकलं तरी ते आपलं काम चोख करतात. दोघे सख्खे भाऊ, एकाच कंपनीत नोकरीला. पण एकाला दारात स्वागताला उभं केलेलं आणि दुसऱ्याला माळ्यावर लपवलेलं. घरच्यांनी असं का केलं असावं, हे विचारायला पाहुण्याला जीभ रेटत नाही. मला रेटते, म्हणून हा प्रपंच.

माझी मावशी साताऱ्याला असते. निवृत्त शिक्षिका, विषय भूमिती. शेजारच्या सूनबाईंनी तिला कोरियन मालिकांचा नाद लावला. हिंदीत डब केलेल्या त्या मालिकांमधली सासू आपल्याकडच्या सासवांपेक्षा बरीच समंजस असते असं तिचं मत आहे, आणि मुख्य म्हणजे गोष्ट सोळा भागांत संपते. सोळा भागांत संपणारी गोष्ट बघायला तिनं कधीच न संपणारी वर्गणी घेतली, आणि मालिका झाल्यावर, शिस्तीची बाई असल्यामुळे, ती बंद करायला निघाली. मी मदतीला होतो. कंपनीचं नाव घेत नाही.

ॲपमध्ये शोधलं. तिथे ‘प्लॅन बदला’ होतं, ‘प्लॅन वाढवा’ होतं, ‘मैत्रिणीला सुचवा’ होतं. आपण नव्हता. एका कोपऱ्यात सूचना होती की हे काम ॲपवर होत नाही, वेबसाइटवर जा. वेबसाइट म्हणाली, वर्गणी जिथून घेतली असेल तिथूनच बंद करा. कुठून घेतली होती? मावशी म्हणाली, “फोनवरून.” आता फोनवरून म्हणजे फोनच्या ॲप स्टोअरमधून, मोबाइल कंपनीच्या रिचार्जबरोबर, की थेट मालिकावाल्यांकडून, हे तिला कसं कळावं? पैसे देताना कोणी विचारलं नव्हतं. मोबाइल कंपनीला फोन लावला. तिथे खरोखरीचा माणूस निघाला, तो म्हणाला, “ते ॲपवाल्यांचं आहे, मॅडम.” ॲपवाल्यांकडे माणूस नव्हता, चॅटबॉट होता. ‘मी आपली काय मदत करू?’ असं तो दर वेळी नव्या उत्साहानं विचारी आणि आम्ही ‘वर्गणी बंद’ असं लिहिलं की या आठवड्यातल्या नव्या मालिकांची यादी पुढे करी. अखेर बँकेच्या पासबुकात नोंद सापडली: पैसे यूपीआयनं थेट कंपनीला गेले होते.

मग संगणकावर बसलो आणि बिलिंगच्या पानाच्या तळाशी एकदाचं आपलं दर्शन घडलं. पण दर्शन झालं म्हणजे प्रसाद मिळतोच असं नाही. आपल्यावर टिचकी मारताच एक रडवेलं कार्टून समोर आलं आणि विचारू लागलं की तुम्ही खरंच आम्हाला सोडून जाताय का. त्याखाली मोठं भरीव बटण: ‘नाही, मी थांबते’. आणि त्याच्याही खाली, पुसट: ‘हो, मला मनोरंजन नको आहे’.

मावशी बिचकली. “अरे, पण मला मनोरंजन हवंय,” ती म्हणाली. “फक्त यांचं नकोय.”

पुढच्या पानावर कारण विचारलं. त्याच्या पुढच्या पानावर तेच मनोरंजन निम्म्या दरात देऊ केलं, म्हणजे आधी आम्ही दुप्पट भरत होतो हेही समजलं. मग एक महिना ‘विश्रांती’ घेण्याचा सल्ला आला. चाळीस वर्षं भूमिती शिकवलेल्या बाईंनी इथं एक निरीक्षण नोंदवलं: “प्रत्येक पानावर ‘हो’ची जागा बदलतेय बघ. मघाशी डावीकडे होतं.” शेवटच्या पानावर सांगण्यात आलं की खात्याच्या ईमेलवर एक दुवा पाठवलाय, तेवढा उघडला की झालं. तो ईमेल फोनच्या दुकानातल्या पोरानं फोन सुरू करून देताना बनवला होता. त्याचा पासवर्ड त्या पोराला ठाऊक असेल, किंवा देवाला. दुकानाचं तर आता मेडिकल झालंय.

बटणसाहेब, आमच्या लहानपणी घरी केबलवाला यायचा. महिन्याच्या सुरुवातीला मळकी वही घेऊन दारात उभा राहायचा, पैसे दिले की आपल्या नावापुढे टिक करायचा. त्याच्या वायरी गॅलऱ्यांमधून लोंबायच्या, ऐन मॅचला चित्रात मुंग्या यायच्या, आणि तक्रार केली की ‘मुख्य लाइनचा प्रॉब्लेम आहे’ हे ठरलेलं उत्तर. पण बंद करण्यात त्याच्याइतका सोयीचा माणूस नव्हता. दहावीच्या वर्षी केबल काढायची ही तर महाराष्ट्रात घरोघरची रीत होती. “या महिन्यापासून नको,” एवढं म्हटलं की झालं. तो थोडी कुरकुर करायचा, पोराला परीक्षेसाठी शुभेच्छा द्यायचा आणि वायर काढून जायचा. बोलायचाही कंटाळा असेल तर नुसते पैसे द्यायचे नाहीत. तो स्वतःच येऊन कापायचा. त्याच्या व्यवहारात गप्प बसणं म्हणजे ‘नको’ होतं. आपल्या घराण्यात गप्प बसणं म्हणजे ‘हो’ असतं. सगळा धंदा या एका बदलावर उभा आहे आणि तो बदल टिकवण्यासाठी आपल्याला माळ्यावर ठेवलंय.

कोणी म्हणेल, इतकी चीड येते तर आत शिरता कशाला? शिरतो, कारण माल चांगला आहे, आणि तो चांगला नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. २०१६ हे एकच वर्ष आठवून पाहा. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, महिना ५०० रुपयांपासून, म्हणजे तेव्हा ती हौस मोजक्यांचीच. सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा असा स्वस्त झाला की रिक्षा स्टँडवरही लोक व्हिडिओ बघू लागले. डिसेंबरात प्राइम व्हिडिओ आलं. हॉटस्टार त्याच्या आदल्या वर्षीच येऊन बसलं होतं. पुढे ‘सेक्रेड गेम्स’, ‘पंचायत’, ‘स्कॅम १९९२’. थिएटरात ज्यांना एक शुक्रवारही धड मिळाला नसता अशा कलाकृतींना इथे घर मिळालं. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ घ्या. शास्त्रीय गायकाच्या अपयशावरचा मराठी चित्रपट, व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळवलेला. २०२१ मध्ये तो थेट नेटफ्लिक्सवर जगभर एकाच दिवशी लागला. आपल्या मल्टिप्लेक्समध्ये त्याला सकाळी पावणेदहाचा खेळ मिळाला असता आणि सोमवारी पोस्टर उतरलं असतं. क्रिकेटचं तर विचारूच नका. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकाचा अंतिम सामना डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी पडद्यांवर चालू होता. २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक आकडा झाला हा. मोबाइलवर फुकट होता, हे खरं. (सामना हरलो तेव्हा मात्र ‘बंद करा’ सगळ्यांना एका क्षणात सापडलं.)

तेव्हा तक्रार दुकानातल्या मालाबद्दल नाही. तक्रार अशी की आत असताना कोणी काहीही बदललं तरी आमची संमती गृहीत धरतात, आणि ती नाही असं सांगायची एकमेव जागा म्हणजे आपण.

एचबीओच्या मालिकांचीच वाटचाल पाहा. वर्षानुवर्षं त्या हॉटस्टारवर होत्या. ३१ मार्च २०२३ ला तिथून उठल्या. ‘सक्सेशन’चा शेवटचा हंगाम नुकताच सुरू झाला होता, बाप आणि पोरं कंपनीसाठी भांडतायत आणि इथला प्रेक्षक पुढचा भाग कुठे लागणार म्हणून हिंडतोय. दोनेक महिन्यांत त्या जिओसिनेमावर आल्या, नव्या वर्गणीसह. मग १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं आणि मालिका फिरून जवळपास जुन्याच घरी. या येरझाऱ्यांत ज्यानं वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते त्यानं काय करायचं होतं? काही नाही. गप्प बसायचं होतं. जाहिरातींचंही तसंच. केबलच्या जाहिरातींना कंटाळून लोक इकडे आले. जून २०२५ पासून भारतात प्राइम व्हिडिओवर जाहिराती लागल्या; नको असतील तर तेव्हा वर्गणीच्या वर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये. पूर्वी जाहिरातदार आम्हाला जाहिरात दाखवायचे पैसे देत, आता आम्ही न बघण्याचे देतो. पासवर्डच्या बाबतीत तर नेटफ्लिक्सनं २०१७ मध्ये ट्विटरवर जाहीर केलं होतं की पासवर्ड वाटून घेणं हेच प्रेम. जुलै २०२३ मध्ये भारतातही ते प्रेम एका छपराखाली राहणाऱ्यांपुरतं मर्यादित झालं. आई साताऱ्यात आणि लेक पुण्यात असेल तर दोन वर्गण्या. म्हणजे पुढेमागे दोन ठिकाणी आपला शोध.

आपल्या बाजूनं बोलायचं तर आपण सगळीकडेच असे भित्रे नसता. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून कायदाच आहे: संकेतस्थळावर करार करता येत असेल तर तो संपवायचं बटणही तिथेच, ठळक, वाचता येईल असं हवं. तिथे आपण म्हणे पँटच्या खिशात हात घालून राजरोस उभे असता. आणि नेटफ्लिक्सनं मे २०२० मध्ये एक भलतंच काम केलं. ज्यांनी सभासद झाल्यापासून वर्षभर, किंवा नंतर दोन वर्षांहून अधिक काळ, काही बघितलंच नाही त्यांना विचारायचं, आणि उत्तर आलं नाही तर त्यांची वर्गणी आपण होऊन बंद करायची, असं ठरवलं. अशी खाती अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी होती, त्यामुळे औदार्य फार महागात पडलं नसावं. पण गप्प बसणं म्हणजे ‘नको’ हा केबलवाल्याचा नियम कॅलिफोर्नियात कोणाला तरी सुचला, याची नोंद घेतलीच पाहिजे.

अमेरिकेत आपल्या नातलगांचं एक प्रकरण कोर्टातही गाजलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर दावा लावला की लोकांना नकळत प्राइमचे सभासद केलं आणि बाहेर पडणं मुद्दाम अवघड केलं. दाव्यात म्हटलं होतं की बाहेर पडायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत, आणि कंपनीत आपसात या वाटेला ‘इलियड’ म्हणत. होमरचं महाकाव्य! दहा वर्षं चाललेल्या ट्रॉयच्या युद्धाचं! म्हणजे नाव ठेवणाऱ्यालाही लांबीची कल्पना होती आणि त्याचं वाचनही चांगलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये २५० कोटी डॉलरवर तडजोड झाली, दोष कबूल न करता. त्याच कमिशननं एक नियमही केला होता: जितक्या सहज आत, तितक्याच सहज बाहेर. तो अमलात यायच्या काही दिवस आधी, जुलै २०२५ मध्ये, अपील न्यायालयानं रद्द केला. नियम करताना कार्यपद्धती पाळली नाही म्हणून. रद्द करण्याची सोय देणारा नियम मात्र सहज रद्द झाला, यात आपला हात नसावा अशी आशा आहे.

भारतात काहीच नाही असं समजू नका. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. तेरा प्रकारच्या लबाड्या त्यात नावानिशी दिल्यात. त्यात वर्गणीचा सापळा आहे, म्हणजे बंद करण्याचा पर्याय लपवणं आणि प्रक्रिया लांबलचक करणं. ग्राहकाला लाजवून थांबवणं आहे. मावशीचं ‘मला मनोरंजन नको आहे’ ते हेच. रंग आणि जागा बदलून बोट भलतीकडे नेणंही आहे. यादी वाचून मावशी म्हणाली, “यांनी आपल्या शेजारी बसूनच लिहिलेली दिसते.” पुढे जून २०२५ मध्ये प्राधिकरणानं कंपन्यांना सांगितलं, तीन महिन्यांत आपापली तपासणी आपणच करा. यावर मावशी काही बोलली नाही. तिनं आयुष्यभर पेपर तपासले आहेत. मुलांना आपलेच पेपर तपासायला दिले तर किती जण नापास होतात याचा तिला अंदाज आहे.

खरी मदत आली ती भलत्याच घरातून. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम लागू केला की ठरावीक मुदतीनं आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी आधी ग्राहकाची जादा खातरजमा करायची आणि प्रत्येक वेळी कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी कळवायचं. तेव्हा कंपन्यांनी किती कुरकुर केली! व्यवहार अडकले, ग्राहकांची गैरसोय झाली वगैरे. झालीही असेल. पण आदल्या दिवशी येणारा तो कोरडा मेसेज म्हणजे वहीवाल्या केबलवाल्याचं दारावर टकटक करणं आहे. शिवाय यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ नावाचा एक कप्पा असतो. तिथे आम्ही कोणाकोणाला खिशात हात घालायची परवानगी दिलीय त्याची यादी असते, आणि प्रत्येकाच्या पुढे, हो बटणसाहेब, आपला एक चुलतभाऊ उभा असतो. रडवेलं कार्टून नाही, निम्मा दर नाही, विश्रांतीचा सल्ला नाही. पिन टाका, परवानगी मागे घ्या. ज्या दुव्याचा ईमेल उघडत नव्हता त्याची गरजच उरली नाही. वाचकांपैकी कोणी आपल्या शोधात असेल तर त्यांनी आधी या चुलतभावाला भेटावं. कार्डावरून पैसे जात असतील तर हेच काम बँकेच्या संकेतस्थळावर होतं.

त्या यादीत एक रकाना परवानगीच्या मुदतीचा होता. मावशीनं चष्मा वर करून ती तारीख वाचली, बोटांवर हिशेब केला, आणि पुन्हा वाचली. कंपनीनं तिची वर्गणी तिच्या शंभरीच्याही पुढे नेऊन ठेवली होती. “माझ्या तब्येतीची इतकी खात्री तर डॉक्टरांनाही नाही,” ती म्हणाली, आणि पिन दाबला.

दुसऱ्या दिवसापासून कंपनीची पत्रं सुरू झाली. तुमची आठवण येते, परत या, तुमच्यासाठी खास दर. ती सगळी अर्थातच त्या न उघडणाऱ्या ईमेलवर जात असणार. आम्हाला फोनवर त्यांची फक्त चाहूल लागते.

कळावे, लोभ आवरावा ही विनंती.

आपला,
एक माजी (आणि बहुधा भावी) वर्गणीदार

ता. क. मावशीच्या आवडत्या नटाची नवी मालिका पुढच्या महिन्यात दुसऱ्याच एका ॲपवर लागतेय. तिथल्या आपल्या आवृत्तीचा पत्ता आधीच कळवाल तर बरं. तिनं या वेळी वर्गणी घेण्यापूर्वी आपल्याला शोधून, कागदावर नकाशा काढून, मगच थोरल्या बंधूंना हात लावायचं ठरवलंय. पट्टी, कर्कटक काढून ठेवलंय.